मदत हवी आहे : सहा जणांचा जपानमधील रेल्वेप्रवास आणि सेतो समुद्रातील बेटे

सप्रेम नमस्कार. येत्या नोव्हेंबरमध्ये आम्ही पुण्याहून सहा जण, त्यांत माझे सत्तरी ओलांडलेले आईवडील, जपानला जाणार असून टोकियो, क्योतो, हिरोशिमा आणि पुढे मियाजिमा व नाओशिमा ही बेटे असा बारा दिवसांचा प्रवास शक्यतो रेल्वेनेच करण्याचा मानस आहे.

वडील निवृत्त स्थापत्य अभियंता आहेत. १९८८ साली खुल्या झालेल्या सेतो महासेतूवर वरून मोटारी आणि खालच्या मजल्यावरून रेल्वे धावते, हे वाचल्यापासून ओकायामा ते ताकामात्सु हा टप्पा त्यांनी नकाशावर पेन्सिलीने दोनदा गिरवून ठेवला आहे, त्यामुळे तो मला कोणत्याही परिस्थितीत वगळायचा नाही. तिथून नाओशिमाला बोटीने जाऊन त्याच दिवशी परतणे आईच्या गुडघेदुखीचा विचार करता झेपेल का, की बेटावर मुक्काम करावा?

देशभराचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येनांवर गेला आणि ‘नोझोमी’ या वेगवान बुलेट ट्रेनसाठी त्यावर वेगळे पैसे पडतात, म्हणून सुटी तिकिटेच काढावीत असे मला वाटते. अनुभवी मंडळींचे मत काय?

आई पूर्ण शाकाहारी आहे. साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही सुक्या माशाचा अर्क असतो, तेव्हा लहान गावांत तिच्या जेवणाची सोय आपण कशी केली होती, हे सविस्तर कळवल्यास फार उपकार होतील.