छोट्या सायन्स फिक्शन फिल्मसाठी जुनं स्टेशन आणि जुनी गाडी कुठे मिळेल?

मीटरगेज_मुक्ता: नमस्कार मंडळी. आम्ही पाच-सहा जण स्वतःच्या पैशांतून पंचवीस मिनिटांची फिल्म करतोय. काळ 1940च्या आसपासचा. आडगावच्या स्टेशन मास्तरकडे रात्री पुढच्या स्टेशनवरून लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची संमती, मागितली जाते, पण ती गाडी वेळापत्रकात नाही. ती येते भविष्यातून. मोठ्या सेटचं बजेट नाही. वाफेचं इंजिन, कंदील, जुनी इमारत कुठे मिळेल? आणि रेल्वेच्या माणसाला खोटं वाटू नये म्हणून काय सांभाळावं?

निवृत्त_एसएम: कथा आवडली म्हणून सविस्तर लिहितो. मी स्टेशन मास्तर म्हणून नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं एकेरी मार्गावर. इंजिन कुठलं हे तुम्ही नंतर बघा. मास्तरला भीती कशाची वाटेल, ते आधी पक्कं करा.

एकेरी मार्गावर दोन स्टेशनांत एकेक टोकन यंत्र असतं. ‘नील’ नावाच्या यंत्रात टोकन म्हणून लोखंडी गोळे असतात. दोन्ही यंत्रं तारेनं जोडलेली. पलीकडच्या मास्तरनं संमती दिल्याशिवाय इकडे गोळा निघत नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघत नाही. हा गोळा पिशवीत घालून, वेताच्या मोठ्या कड्याला लावून ड्रायव्हरला देतात. तो हातात नसेल तर ड्रायव्हर गाडी हलवत नाही.

आता तुमचा प्रसंग घ्या. यंत्राचा दांडा ‘लाइन क्लोज्ड’वर आहे, म्हणजे सेक्शनमध्ये, दोन स्टेशनांमधल्या मार्गावर, गाडी नाही. तरी फलाटावर गाडी उभी आहे आणि ड्रायव्हर मास्तरच्या हातात गोळा देतो. गोळ्यावर त्याच सेक्शनचं नाव कोरलंय. माझ्यासारख्या माणसाचे पाय तिथेच लटपटतील. धूर, निळा प्रकाश, काही लागत नाही. आणि मास्तर घाबरला तरी रजिस्टरमध्ये गाडी आल्याची वेळ लिहिणारच. ती नोंद नक्की दाखवा, हात अंगवळणी पडलेला असतो.

शूट करताना वर बघा. विजेच्या तारा फ्रेममध्ये आल्या की तुमचं 1940चं आडगाव संपलं. आपल्याकडे विजेची पहिली गाडी 1925 साली व्हीटी ते कुर्ला धावली, पण आडमार्गांवर तारा फार उशिरा आल्या.

रूळवेडा_विदर्भ: जागेबद्दल सांगतो. मूर्तिजापूर-यवतमाळ ‘शकुंतला’ मार्ग बघून या. अडीच फुटी गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं इंजिन तिथे 1994 पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. आता गाडी बंद आहे, पण रिकाम्या स्टेशनाचे शॉट्स तिथे सुंदर मिळतील. इंजिन जवळून हवं असेल तर नागपूरला मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय आहे. इंजिन उभंच असणार, म्हणून चाकं, कनेक्टिंग रॉड, ड्रायव्हरची केबिन असे तुकडे घ्या आणि आवाज नंतर जोडा. चालती जुन्या वळणाची गाडी हवी तर मध्य प्रदेशात महूजवळ पाताळपाणी-कालाकुंड मीटरगेज आहे, बोगद्यांसकट. पण ओढायला डिझेल, तेव्हा फक्त डब्यांचे शॉट्स.

मीटरगेज_मुक्ता: काका, गोळ्याचा प्रसंग घेतेच! आमच्या मास्तरला आधी नुसतं दचकायचं होतं, आता कारण मिळालं. घड्याळाचं काही करता येईल का? दोन काळ दाखवायचेत.

निवृत्त_एसएम: येईल, आणि खोटं काही रचावं लागणार नाही. 1906 पासून रेल्वे भारतीय प्रमाणवेळेवर चालली, पण मुंबई शहरानं आपली स्थानिक वेळ बराच काळ सोडली नाही. ही मुंबई वेळ प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे. मास्तर मुंबईहून बदलून आलेला दाखवा, खिशातलं घड्याळ मुंबई वेळेवर, भिंतीवरचं रेल्वेच्या वेळेवर. मग भविष्यातल्या गाडीची वेळ तो कोणत्या घड्याळानं लिहितो?

रूळवेडा_विदर्भ: भिंतीवरच्या. ड्यूटीवर दुसरं घड्याळ चालत नाही.

निवृत्त_एसएम: बरोबर. आणि मुक्ताताई, परवानगीसाठी त्या-त्या झोनच्या मुख्य जनसंपर्क अधिकाऱ्यांकडे लवकर अर्ज करा. बंद मार्ग असला तरी जमीन कोणाची तरी असतेच. गोळा खरा मिळाला नाही, तर लाकडाचा करून रंगवा, पण उचलताना नटाच्या मनगटाला वजन जाणवलं पाहिजे. मी तालमीला यायला तयार आहे.