प्रति: रेड वाइन खोलीच्या तापमानाला?

रेड खोलीच्या तापमानाला प्यावी, असं वर एकानं लिहिलंय. ते युरोपातल्या थंड घरांचं झालं भौ. आमच्या अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. तशी रेड काढ्यासारखी लागते, नुसता अल्कोहोलचा भपका. दोन-अडीच तास फ्रीजमध्ये ठेवा, १५-१८ अंशांवर प्या. व्हाइट ८-१२ वर. लाइट गेली तर बादलीत बर्फ, पाणी अन् मूठभर मीठ. नुसत्या बर्फापेक्षा लवकर गार होते, कारण पाणी बाटलीला सगळीकडून लागतं. झणझणीत वऱ्हाडी रश्शाबरोबर मात्र रेड नकोच, तिच्यातल्या टॅनिननं, म्हणजे तुरट घटकानं, तिखट आणखी चढतं. नाशिकची किंचित गोडसर चेनिन ब्लां ही व्हाइट वाइन घ्या. वर्ध्याच्या मंडळींनी हे नुसतं वाचावं, तिकडे दारूबंदी आहे.