डोळ्यांचे व्यायाम करून मुलाचं वाचन सुधारतं का?

यावलची_आई: मुलगा चौथीत आहे. ओळीखाली बोट ठेवूनही ओळ सुटते, 'दिवस'चं 'दवस' होतं. चष्म्याचा नंबर नाही, फळ्यावरचं दिसतं, उंच उडालेला चेंडू बरोबर झेलतो. एका ठिकाणी मशीनवर नजर तपासली, म्हणाले उड्या वेड्यावाकड्या आहेत, डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत काचांचा चष्मा घ्या. खर्च बराच आहे, त्यात केळीला भाव नाही. घ्यावा का?

धुळ्याच्या_बाई: ताई, पैसे जपून ठेवा. मी अशा मुलांनाच शिकवते.

नजर ओळीवरून सरकत नसते कोणाचीच. ती थांबते, उडी मारते, परत थांबते. सराईत वाचकाचा एक थांबा साधारण पाव सेकंदाचा, आणि मधूनमधून तोही मागे जातो. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं जड जाणं, असलेल्या मुलांचे थांबे लांबतात, उड्या आखूड होतात, मागे जाणं वाढतं. मशीनने दाखवलं ते खोटं नाही. पण शब्द उलगडत नाही म्हणून नजर अडखळते. नवापूर स्टेशनवरची गुजराती पाटी वाचताना माझीही अडखळते, म्हणून काय माझे डोळे बिघडले?

१९८१ साली पावलिडिस नावाच्या संशोधकाने दोष नजरेतच आहे असं मांडलं होतं. पुढे इतरांनी तपासलं तर तसं आढळलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये मिळून सांगितलं की असे व्यायाम आणि रंगीत काचा यांना पुरेसा आधार नाही.

त्याला दुसरीचं पुस्तक देऊन बघा, नजर बरीच ठिकाणावर येईल. मेहनत घ्यायची ती अक्षर आणि आवाज यांच्या जोडीवर. 'दि'ची वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, तोंडातून मात्र 'द' आधी निघतो. इथेच पोरं घसरतात. मी आधी 'द', मग 'इ', मग दोन्ही जोडून मोठ्याने म्हणवून घेते. रोज थोडंच, पण रोज. घरात अहिराणी असेल तर गोष्ट आधी अहिराणीत सांगा, मग पुस्तक उघडा.

चोपड्याचा_बाप: बाईंचं बरोबर आहे. नेत्रतज्ज्ञाकडे एकदा नीट तपासून घ्या, ते वेगळं. आणि डिस्लेक्सियाच्या प्रमाणपत्राचं आत्ताच बघा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हे येतं, दहावीला जादा वेळ मिळतो. कागदांना मात्र चकरा माराव्या लागतात, भो!

यावलची_आई: चष्मा रद्द. पण सर रोज वर्गासमोर उभं करून वाचायला लावतात, सवय होईल म्हणे.

धुळ्याच्या_बाई: अजिबात नको. सरांना भेटा, उतारा आदल्या दिवशी मागून घ्या. घरी तयारी झालेला तेवढाच त्यांनी विचारावा.