मबानच्या छावणीत नोकरी आणि पार्ट-टाइम पीएचडी: रोजचं गणित कसं बसवायचं?

नळकोंडाळं:
नमस्कार मंडळी. दक्षिण सुदानात अपर नाईलच्या मबान काउंटीत एका मदतसंस्थेत वर्षभराचा करार झाला आहे. काम पाणी-स्वच्छतेचं (तिकडे सगळे 'वॉश'च म्हणतात), डोरो निर्वासित छावणीत. राहणं बुंजजवळच्या कंपाउंडात. पुण्यात पार्ट-टाइम पीएचडी चालू आहे, कोर्सवर्क झालंय. विषय असा: नळावर असलेलं क्लोरीन घरातल्या जेरीकॅनमध्ये (पाणी साठवायच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये) किती वेळ टिकतं.

प्रश्न चार. रोज लिहायला खरोखर किती वेळ हाती लागतो? संस्थेकडे क्लोरीनच्या जुन्या नोंदी आहेत, त्या प्रबंधात वापरता येतील का? विजेचं आणि इंटरनेटचं काय करायचं? आणि निघण्याआधी विद्यापीठातली कोणती कामं उरकावीत?

'मनावर घेतलं की जमतं' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते घरी भरपूर मिळतात.

कोरडवाहू:
पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. 'दिवसा काम, संध्याकाळी लिखाण' हा बेत आधी डोक्यातून काढा. छावणीतून गाड्या परतण्याची वेळ सुरक्षेच्या नियमाने बांधलेली असते, बहुतेक ठिकाणी दुपारी चार-साडेचार. परत आल्यावर दिवसाचा रिपोर्ट, पंपाच्या डिझेलचा हिशोब, उद्याच्या गाड्यांची मागणी, मग रेडिओ चेक. जेवण झालं की जनरेटर बंद होईपर्यंत दोन-अडीच तास उरतात. घरचा फोन, आंघोळ आणि चार्जिंग त्यातच बसवायचं. चाळीस अंशांत हिंडून आलेल्या डोक्याकडून त्या वेळात युक्तिवाद होत नाही. संदर्भ नीट लावणं, नोंदी टाइप करणं, तक्ते सरळ करणं, एवढंच होतं.

लिहायचं असेल तर पहाटे पाच ते पावणेसात, लॅपटॉपच्या बॅटरीवर. कागदावर आठवड्याला आठ-नऊ तास दिसतात, प्रत्यक्षात पाच धरा. महिन्याचा शेवटचा आठवडा शून्य धरा, तेव्हा देणगीदारांचे रिपोर्ट असतात. आर अँड आर (विश्रांतीची सक्तीची सुटी) साधारण सहा ते आठ आठवड्यांनी एक आठवडा मिळते. त्यातले पहिले दोन दिवस झोपेचे आणि शेवटचा प्रवासाचा, म्हणजे कामाचे चार.

यात मातीचा हिशोब धरायला लोक विसरतात. मबानची माती आपल्या परभणी-लातूरकडच्यासारखीच काळी, कापसाची. उन्हाळ्यात भेगाळते. मे ते ऑक्टोबरच्या पावसात तिचा असा चिकटा होतो की गाडीच्या चाकाला थरावर थर बसतो. मातीची धावपट्टी ओली झाली की विमान उतरत नाही आणि आर अँड आर तीन-चार दिवस सहज पुढे सरकते. त्यामुळे पावसाळ्यात 'राजधानी जुबाला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी प्रेझेंटेशन' असली तारीख गाइडना देऊच नका. उलट अशा अडकलेल्या दिवसांतच सलग चार-पाच तास मिळतात. त्यांच्यासाठी एक अर्धं लिहिलेलं प्रकरण कायम तयार ठेवा.

भारत तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तुमचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे गाइडचे रात्रीचे दहा. मीटिंग शनिवारी सकाळी साडेआठला ठेवा, पुण्यात दुपारचे बारा वाजलेले असतात.

जेरीकॅन:
दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा लांबण लावतो.

जुन्या नोंदींना दोन अडचणी आहेत: परवानगी आणि दर्जा. परवानगी फील्ड मॅनेजरची चालत नाही, मुख्यालयाचं पत्र लागतं. कोणता डेटा, कोणत्या काळाचा, नावं आणि जीपीएस काढून दिला आहे का, छापण्याआधी त्यांना दाखवायचं आहे का, हे सगळं त्या पत्रात स्पष्ट हवं. 'हो हो, वापर की' हे तोंडी उत्तर मॅनेजर बदलला की संपतं. आणि मॅनेजर बदलतातच.

दर्जाची अडचण जास्त किचकट. नळावरची तपासणी बहुधा पूल टेस्टरने (रंग जुळवून क्लोरीन मोजायच्या छोट्या डबीने) केलेली असते. त्याच्या रंगपट्टीवर मोजकेच टप्पे असतात. लक्ष्य ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर दिलेलं असेल तर वहीत पानंच्या पानं ०.५ दिसतं. कुणी खोटं लिहितं असं नाही. दोन रंगांच्या मधलं काही दिसलं की माणूस अपेक्षित आकड्याकडे झुकतो. आधी नोंदींचा साधा हिस्टोग्रॅम (कोणता आकडा किती वेळा आला याचा आलेख) काढा. ०.५ वर एकच सुळका उभा राहिला तर त्या नोंदी पार्श्वभूमीपुरत्या वापरा, विश्लेषणात घेऊ नका.

तुमच्या विषयाला मबान हीच मूळ जागा आहे हे माहीत असेलच. २०१३ मध्ये तिथल्याच छावण्यांमध्ये झालेल्या अभ्यासातून असं निघालं की दहा तासांनी घरात ०.२ उरायला हवं असेल तर नळावर सुमारे १.० लागतं. नेहमीच्या ०.२ ते ०.५ च्या मार्गदर्शक आकड्यांवर भागत नाही. तुमचा डेटा त्याच्या शेजारी ठेवला जाणार, म्हणून मोजणी स्वतःची हवी.

पद्धत अशी. नळावर कॅन भरताना रीडिंग घ्या. कॅनच्या मुठीला कोड लिहिलेली टेप गुंडाळा. भरल्याची वेळ, पाण्याचं तापमान, कॅन आतून शेवाळलेला आहे का, झाकण आहे का, हे नोंदवा. घरी गेल्यावर त्याच कॅनमधलं पाणी तपासा. बाईने ते माठात ओतलं असेल किंवा कॅनमध्ये नवं पाणी घातलं असेल तर तसं लिहा आणि ती नोंद वेगळी ठेवा. पाणी बदललेलं असताना 'क्लोरीन टिकलं' असं निघणं ही या कामातली हमखास चूक.

डीपीडी एक नंबरची गोळी (क्लोरीन असलं की पाणी गुलाबी करणारी) बोटाने धरायची नाही. फॉइल फोडून थेट १० मिलिलिटर नमुन्यात टाकायची, विरघळवायची आणि एका मिनिटाच्या आत सावलीत रंग वाचायचा. उशीर झाला की गुलाबी रंग आपोआप गडद होतो. क्लोरीन फारच जास्त असेल तर रंग उडून नमुना बिनरंगी दिसतो आणि 'शून्य' लिहिलं जातं. टाकीत नुकतंच क्लोरीन टाकलेलं असताना शून्य आलं तर नमुना पातळ करून पुन्हा बघा. गोळ्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. जमलं तर पूल टेस्टरऐवजी फोटोमीटर (रंग डोळ्यांऐवजी यंत्राने मोजणारं उपकरण) मागा.

शोधगंगातीरी:
चौथा प्रश्न. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्क धरून कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, आणि पुनर्नोंदणीने आणखी दोन. महिलांना त्यापुढे दोन वर्षांची सवलत आहे. परदेशात आहात म्हणून हे घड्याळ थांबत नाही. पार्ट-टाइमसाठी नोकरी देणाऱ्याची एनओसी लागते. अभ्यासाला पुरेसा वेळ मिळू शकतो असं त्यात लिहिलेलं असतं. नोकरी बदलली आहे, तेव्हा नव्या संस्थेची एनओसी घेऊन फाइलला लावा. हे राहून गेलं तर सबमिशनच्या वेळी कारकुनाच्या टेबलावर उगवतं.

संशोधन सल्लागार समितीपुढे दर सेमिस्टरला हजेरी असते. ती ऑनलाइन चालेल असं निघण्याआधी लेखी घ्या. नैतिकता समितीची मंजुरीही आधी हवी, डेटा गोळा केल्यावर मागे जाऊन मिळत नाही. पुण्याच्या मंजुरीवर भागत नाही. जुबात आरोग्य मंत्रालयाची समिती आहे, निर्वासितांच्या छावणीसाठी सरकारच्या निर्वासित आयोगालाही विचारावं लागतं. महिने जातात, करार सुरू व्हायच्या आधीच अर्ज टाका.

संमतीपत्र अरबीत करून मोकळे होऊ नका. डोरोत बहुसंख्य लोक उदुक बोलतात, तोंडी संमती त्या भाषेत वाचून दाखवायची सोय करा. आणि मुलाखत घेणारा माणूस साबण-कॅन वाटणारा नको, अंगात संस्थेचं जॅकेटही नको. नाहीतर 'पाणी कसं वाटतं' याला प्रत्येक घरातून 'छान' येईल. ते उत्तर पुढच्या वाटपाला असतं, तुमच्या प्रश्नाला नाही.

अजून एक. स्वतः लिहिलेल्या रिपोर्टमधले परिच्छेद प्रबंधात चिकटवू नका. रिपोर्ट नेटवर चढलेला असतो आणि साम्य-तपासणीत तो दुसऱ्याचाच मजकूर ठरतो. यूजीसीच्या २०१८ च्या साहित्यचौर्याच्या नियमांत दहा टक्के साम्यापर्यंत दंड नाही. त्यापुढे चाळीसपर्यंत गेलात तर प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो.

बॅकअप_घेतला_का:
वीज. २७,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टला ९९.९ वॉट-अवर भरते, विमानाच्या १०० च्या मर्यादेत जेमतेम. ती केबिनमध्येच न्यायची, चेक-इन बॅगेत नाही. रूपांतरातली गळती वजा जाता ८० च्या आसपास मिळतात. स्क्रीन मंद, वायफाय बंद, फक्त टायपिंग असं असेल तर लॅपटॉप १०–१२ वॉट ओढतो. म्हणजे साडेसहा ते आठ तास, चार पहाटांचा शिधा. सोलर पॅनल न्यायचा मोह टाळा. दिवसा तुम्ही छावणीत असता, पॅनल राखायला कोण बसणार? आणि संयुक्त राष्ट्रांच्या विमानात हातातल्या पिशवीसकट १५–२० किलोत सगळं बसवायचं असतं.

जनरेटर सुरू होताना आणि बदली होताना झटका येतो. पहिली पाच-दहा मिनिटं चार्जर लावू नका. सर्ज प्रोटेक्टर घरून न्या.

झोटेरोचा (संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरचा) डेटा फोल्डर ड्रॉपबॉक्स किंवा गुगल ड्राइव्हमध्ये ठेवू नका. तुटक्या नेटवर अर्धवट सिंक झालं की डेटाबेस बिघडतो. झोटेरोचंच सिंक वापरा, त्यात फक्त नोंदी पाठवा, पीडीएफ पाठवणं बंद ठेवा. मोफत जागा ३०० एमबीच आहे आणि व्हीसॅटवर (उपग्रहाच्या सामाईक इंटरनेटवर) सगळं कंपाउंड तुमच्या नावाने खडे फोडेल. पीडीएफ निघण्याआधी उतरवून घ्या. विद्यापीठाच्या लायब्ररीचं बाहेरून लॉगिन चालतं का, तेही घरच्या वायफायवरून तपासून बघा.

प्रबंधाची एक अजस्र वर्ड फाइल करू नका. प्रकरणागणिक वेगळी फाइल, नावात तारीख. गाइडना एका वेळी एकच प्रकरण. दोन एनक्रिप्टेड पेन ड्राइव्ह ठेवा, एक खोलीत आणि एक पळापळीच्या (अचानक निघावं लागलं तर उचलायच्या) पिशवीत. ती पिशवी दाराशी असतेच, संस्थेचा नियमच असतो. घरांची नावं आणि कोड जुळवणारी यादी मात्र लॅपटॉपवरही नको आणि त्या पिशवीतही नको. ती कागदावर, कुलपात.

सुटीवरचा_माणूस:
कोरडवाहूंशी थोडा असहमत. पहाटेचं लिखाण पहिले सहा आठवडे सुरूच करू नये. त्या काळात झोपेचाच हिशोब बसत नाही आणि चुकलेली प्रत्येक पहाट मनाला खात बसते. तोवर रोज रात्री दहा ओळींची टिपणं: आज कोणता पंप बंद होता, कुठे रांग लागली, का. पद्धतीच्या प्रकरणाला तीच उपयोगी पडतात.

मलेरियाची गोळी निवडताना डॉक्टरांना लिखाणाचं सांगा. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यायची म्हणून सोयीची वाटते, पण काहींना त्याने विचित्र स्वप्नं पडतात, झोप उडते. डॉक्सिसायक्लिन रोज १०० मिलिग्रॅम, भरपूर पाण्याबरोबर, घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. परत आल्यावरही चार आठवडे चालू. तिने ऊन लागतं, पूर्ण बाह्यांचे शर्ट न्या. यलो फीव्हरचं कार्ड पासपोर्टलाच लावून ठेवा. जाताना लागतंच, शिवाय परतताना मुंबईत नसेल तर सहा दिवस क्वारंटाइन. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी.

फी भरायचं घरच्या कुणाकडे सोपवा. भारतीय सिमवर ओटीपी मबानमध्ये येईल या भरवशावर शेवटची तारीख गाठू नका.

खाण्याचं विचारलं नाहीत, तरी: किसरा म्हणजे आंबवलेल्या ज्वारीचं पातळ घावन. लातूरकराला दुसऱ्याच दिवशी आवडतं. मसाल्याचा डबा मात्र त्या वीस किलोंत बसवाच.

नळकोंडाळं:
सगळ्यांचे आभार. जेरीकॅन, एक अडलं. सकाळी सातला भरलेल्या कॅनचं दहा तासांचं रीडिंग संध्याकाळी पाचला येतं, तेव्हा गाड्या परतलेल्या असतात. दुपारी तीनला भरून दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वाचलं तर?

जेरीकॅन:
ते सोळा तास होतात. साधी घातांकी घट धरा: १.० चं दहा तासांत ०.२ म्हणजे k (घटीचा दर) साधारण ताशी ०.१६. सोळा तासांनी ०.०८ उरतं. पूल टेस्टरचा पहिला टप्पाच ०.१ चा, त्यामुळे वहीत शून्य पडणार आणि शून्यावरून k निघत नाही.

त्यापेक्षा सकाळी साडेसातला भरा आणि साडेअकरा व साडेतीनला वाचा. चार तासांना ०.५३ आणि आठ तासांना ०.२८ च्या आसपास अपेक्षित आहे, दोन्ही मोजता येतात आणि साडेतीनचं रीडिंग गाडी सुटण्याआधी होतं. दहा तासांचा आकडा त्यावरून काढा. तपासायला म्हणून दर आठवड्याला पाच-सहा घरांत छावणीतच राहणाऱ्या सहकाऱ्याकडून साडेपाचचं रीडिंग घ्या, त्याला त्याचे वेगळे पैसे द्या. नळावर ०.५ च असेल तर त्याच k ने पावणेसहा तासांतच ०.२ च्या खाली जातं, म्हणजे सकाळी साडेसातचा कॅन दुपारी सव्वालाच संपला. टेप कापडी घ्या, प्लास्टिकची ओल्या मुठीवर टिकत नाही.