प्रतिसाद: मोबाईलवरील प्रशिक्षण आणि अंगणवाडी सेविका

मोबाईलवरील प्रशिक्षणामुळे खेड्यातील अंगणवाडी सेविकांची प्रशिक्षणासाठी तालुक्याला जाण्याची अडचण मिटली, असे मत येथे मांडले गेले; ते मला अर्धेच पटते. तालुक्याची खेप आणि एसटीचे भाडे वाचते, हे खरे. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवताना, शालेय शिक्षण विभागाच्या समूह साधन केंद्राने (आसपासच्या शाळांना मार्गदर्शन करणाऱ्या केंद्राने) महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग घ्यावा, असेही म्हटले आहे. या चर्चेत तो भाग सुटला.

मी यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात एका पोडाजवळ, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीजवळ, शिक्षक आहे. तेथील मुले घरी कोलामी ही त्यांची भाषा बोलतात. आमच्या सेविकाबाई रेंजसाठी शाळेच्या गच्चीवर जाऊन चित्रफिती पाहतात (उन्हाळ्यात सकाळी आठच्या आतच), पण मूल मराठी प्रश्नाला गप्प राहिले तर काय करावे, हे त्यांत कोठेही नाही. ते त्यांना शेजारच्या पोडावरील मदतनीस बाईंनी एका दुपारी, चिंचोके मांडून आणि आकडे आधी कोलामीत, मग मराठीत म्हणवून घेत दाखवले. त्या दुपारची नोंद मात्र कोणत्याही प्रशिक्षणाच्या तासांत झाली नाही.