इंटरनेटच्या चाव्या अमेरिकेने दिल्या म्हणे! कुलूप कुठे आहे ते तरी बघा

नगरकर
आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर चार दिवस एकच मेसेज फिरतोय: "२०१६ मध्ये अमेरिकेने इंटरनेटचा ताबा सोडला. आता चीन आणि अरब देश ठरवणार कोणती साइट चालायची. ख्रिस्ती साइट एकेक करून बंद होणार. प्रकटीकरण १३ वाचा, श्वापद जवळ आलं आहे." (बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, शेवटच्या काळात सगळ्यांवर सत्ता गाजवणारं ते श्वापद.) रविवारी उपासनेनंतर चहाच्या वेळी एका मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ यूट्यूबवर आहे, तो पण जाईल का रे?" त्यांचा हात थरथरत होता. म्हणून सविस्तर लिहितोय.

गेलं म्हणजे नेमकं काय गेलं? इंटरनेटवर साइटचं कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर, ती मूळ यादी आयकॅन ही कॅलिफोर्नियातली संस्था १९९८ पासून सांभाळते. तिचा अमेरिकेच्या वाणिज्य खात्याशी करार होता, तो १ ऑक्टोबर २०१६ ला संपला. तो संपू नये म्हणून सिनेटर टेड क्रूझ यांनी जंग जंग पछाडलं, चार राज्यं ऐन वेळी टेक्सासमधल्या कोर्टात गेली, न्यायाधीशांनी स्थगिती नाकारली. साइटवर काय लिहिलंय ते त्या यादीत नसतंच. उलट त्याच यादीत साइटच्या नावाच्या शेवटी लागणारं 'डॉट बायबल' अमेरिकन बायबल सोसायटीकडे आहे आणि 'डॉट कॅथलिक' व्हॅटिकनकडे.

कुलूप आहे ते दिल्लीत. आयटी कायद्याचं कलम ६९अ. त्याखाली केंद्र सरकार साइट, पान, खातं बंद करायला सांगू शकतं, आणि २००९ च्या नियमांमधला १६वा नियम तक्रार आणि कारवाई दोन्ही गुप्त ठेवतो. ज्याचं बंद झालं त्याला आदेशाची प्रत मिळायची मारामार. यावर ग्रुपवर एक अक्षर नाही. १८४२ मध्ये आपल्या नगरमध्ये 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झालं. आपल्या आजोबा-पणजोबांनी त्यात टीकेला उत्तरं दिली. आणि आपण न वाचता पुढे पाठवतो.

वसईची_लेक
दादा, शंभर टक्के. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा पालघरच्या दोन मुलींना फेसबुकच्या पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. मी तेव्हा कॉलेजला होते. बाबांनी त्या रात्री माझा फोन घेतला आणि मी टाकलेलं सगळं स्वतः बसून पुसलं. नाताळच्या गोठ्याचे फोटोसुद्धा. आजोबांनी पेंढा आणून बांधलेला शेवटचा गोठा होता तो. त्या अटकेत लावलेलं आयटी कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. फोटो काही परत आले नाहीत.

पण सगळं सरकारवर ढकलू नका. 'सुबोध बायबल' लिहिणारे फादर दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू नको म्हणून विरोध झाला, आयोजकांना धमकीचे फोन आले. ते काही कुठल्या कलमाने केलं नव्हतं. ते आपल्याच लोकांनी केलं.

जागृत_सेवक
तो मेसेज मीच पाठवलाय, आणि मागे घेणार नाही. तुम्ही अर्धंच सांगता. २०१२ मध्ये 'डॉट कॅथलिक' देऊ नका म्हणून सौदी अरेबियाने आयकॅनकडे लेखी हरकत घेतली होती की नाही? आयकॅनमध्ये सरकारांची सल्लागार समिती आहे की नाही? चीनमध्ये २०१८ मध्ये ऑनलाइन दुकानांतून बायबल गायब झालं, २०२१ मध्ये ॲप स्टोअरमधून बायबलचं ॲप गेलं, आणि १ मार्च २०२२ पासून परवान्याशिवाय धर्माबद्दल ऑनलाइन काही टाकायची सोय नाही, उपासनेचं थेट प्रक्षेपण तर बंदच. पहारेकऱ्याने कर्णा वाजवायचा असतो. यहेज्केल ३३.

नगरकर
सौदीची हरकत होती, मान्य. तरीही नाव व्हॅटिकनलाच मिळालं, हे तुम्ही गाळलंत. चीनमध्ये जे झालं ते चीनच्या कायद्याने झालं, आणि तो कायदा अमेरिकन कंपनीने निमूट पाळला. करार २०१६ नंतर चालू राहिला असता तरी ते ॲप गेलंच असतं. म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरतं: बोलणं बंद होतं ते आपापल्या देशाच्या कायद्याने आणि कंपनीच्या भीतीने. आणि 'डॉट बायबल'चं ऐका. तिथे अमेरिकन बायबल सोसायटीने सुरुवातीला असे नियम केले की बायबलच्या अभ्यासकांनीच आक्षेप घेतला, मग नियम बदलावे लागले. त्यात ना चीन होता ना श्वापद.

जागृत_सेवक
तुम्हाला पुस्तकी बोलायला काय जातं. आमच्या सेवेचं पान एका रात्रीत बंद झालं. सहा वर्षांच्या प्रार्थना, गीतं, साक्षी, सगळं गेलं. कारण म्हणून एक ओळ: "आरोग्याविषयी अपायकारक दावे". येशूच्या नावाने चंगाई होते, आजार बरे होतात, हे सांगणं अपायकारक? माणसाशी बोलायची सोय नाही, अपील केलं तर तीच ओळ परत आली. आता सांगा, छळ नाही तर काय?

वॉर्डातली_नर्स
मी सांगते. मी बावीस वर्षं मेडिसिन वॉर्डात आहे आणि रोज सकाळी बायबल वाचून ड्यूटीवर जाते, त्यामुळे मला अविश्वासू म्हणायच्या आधी थांबा. माझे सख्खे मामा. साखर चारशेच्या वर. चंगाईचा व्हिडिओ बघून इन्सुलिन बंद केलं, कारण त्यातला माणूस म्हणत होता, "सुई हे अविश्वासाचं चिन्ह आहे." पायाच्या अंगठ्याला जखम झाली. मामींना हळद लावायला सांगितलं आणि फोन जखमेजवळ धरून प्रार्थना ऐकवत राहिले. मी पोचले तेव्हा खोलीच्या दारातच वास आला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधांच्या जाहिरातीच्या कायद्यानेच बंदी आहे. तो कायदा झाला तेव्हा कुठलं आलंय इंटरनेट!

जागृत_सेवक
आम्ही औषध बंद करा असं कधीच म्हणालो नाही. दुसऱ्याचं पाप आमच्या माथी मारू नका. बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईला वैद्यांनी काय दिलं ते मार्क ५ मध्ये वाचा.

वॉर्डातली_नर्स
"सर्व वैद्य हरले, येशू जिंकला" असा मथळा तुमच्याच पानावर होता. मी पाहिलाय. लूक स्वतः वैद्य होता, तेही वाचा.

पंढरपूरकर
मी हिंदू. इथे बोलू का नको असा विचार करत होतो. माझ्या चुलतभावाने असेच व्हिडिओ बघून घरातले देवांचे टाक विहिरीत टाकले. आजीचे, तिच्या सासूकडून आलेले. पिढ्यान्‌पिढ्या दसऱ्याला ते टाक घासायचं काम घरातल्या लेकी-सुना करायच्या. आजी तीन दिवस जेवली नाही. व्हिडिओत काय होतं? "घरातली मूर्ती म्हणजे सैतानाचं दार." आम्हाला असं बोलायचं आणि मग स्वातंत्र्य गेलं म्हणून रडायचं? असल्या गोष्टींमुळेच लोक कायदे मागतात. आणि आमच्या बुवाबाजीवर बोलताना दाभोलकरांनी जीव गमावला, तेव्हा चंगाईवाल्यांना सूट का?

वसईची_लेक
पंढरपूरकर काका, आजींचं वाचून पोटात तुटलं. ते कृत्य चूकच, मी ख्रिस्ती म्हणून सांगते. पण "लोक कायदे मागतात" इथे मी अडते. उत्तराखंडच्या विधानसभेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये धर्मांतर कायद्याची जी दुरुस्ती मंजूर केली, तिच्या कक्षेत सोशल मीडियावरचा प्रचारही आणला. आता "येशू माझा तारणारा आहे" ही माझी साक्ष कोणी प्रचार ठरवली तर? तुमच्या भावाला टाक फेकायला लावणारा आणि वाढदिवसाला स्तोत्र टाकणारी मी, एकाच कलमात?

आणि बंद करणं म्हणजे नुसतं एक पान बंद करणं नसतं. मणिपूरमध्ये ३ मे २०२३ ला हिंसाचार सुरू झाला, इंटरनेट बंद केलं. दोन कुकी बायकांची ४ मेला विटंबना झाली, ते चित्रीकरण देशाने १९ जुलैला पाहिलं. मध्ये अडीच महिने. चर्च जळली, देवळंही जळली, आणि सांगायची सोय कोणालाच नव्हती.

पंढरपूरकर
साक्ष आणि शिव्या यांत फरक आहे, हे मान्य. तो फरक ठाण्यातला हवालदार कसा करणार, हे मलाही सांगता येत नाही. पण आजीचे टाक परत कोण देणार, हे तुम्हालाही सांगता येत नाही.

जागृत_सेवक
म्हणजे सगळ्यांनी मिळून मलाच आरोपी केलं. छान. मूळ विषय इंटरनेटचा होता.

नगरकर
ब्रदर, विषय चंगाईवर तुम्हीच नेलात. आणि तुमच्या पानाचा प्रश्न मला खरंच महत्त्वाचा वाटतो. पान बंद होतं, कारण एका ओळीत येतं, कुठला व्हिडिओ, कोणाची तक्रार, सरकारचा आदेश होता का कंपनीचंच ठरलं, काही कळत नाही. हे चूक आहे. तुमचं पान मला पटत नसलं तरी चूक आहे. पण ते श्वापदाने केलं म्हटलं की विषयच संपतो. मग अर्ज कोणाकडे करणार? २०२१ च्या आयटी नियमांत कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याच्या निर्णयावर अपील समितीकडे जाता येतं. तो अर्ज केलात का?

जागृत_सेवक
नाही केला. कोणी सांगितलंच नाही.

वॉर्डातली_नर्स
आणि केला तर तो मथळा परत लावायचा नाही. मी तिथेच येऊन बघणार.

मस्कतहून
इतके दिवस नुसतं वाचतो, आज लिहितो. सेवक ब्रदर, तुमचं पान कुठलं ते ओळखलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझी आई गेली, श्रीरामपूरला. नेहमीची विमानं बंद होती. तुमच्या एका मुलाने फोनवर अंत्यविधी दाखवला, त्याच पानावर. पेटीवर आईची हिरव्या काठाची साडी ठेवली होती, ती मी इथे खोलीत बसून पाहिली. गेल्या महिन्यात वर्षश्राद्धासारखं म्हणा, आईच्या दिवशी लिंक उघडली तर "हा मजकूर उपलब्ध नाही". चंगाईचं तुमचं तुम्ही बघा, मला त्यात पडायचं नाही. पण ते चित्रीकरण कोणाला काय अपाय करत होतं?

वॉर्डातली_नर्स
दादा, माफ करा. ते दावे जायलाच हवे होते, ते मी बदलणार नाही. पण अख्खं पान नाही. तुमची आई जायला नको होती. एवढं मान्य.

जागृत_सेवक
भाऊ, तो फोन अजून आमच्या मुलाकडेच आहे, काच फुटली म्हणून कपाटात ठेवलाय. आज चार्ज करून बघतो. मूळ फाइल निघाली तर रात्री पाठवतो, नंबर खासगीत द्या. नगरकर, त्या अर्जात काय काय लिहायचं तेही खासगीत पाठवा.