तंबू नदीकाठी की वरच्या सपाटीवर? सहा जणांत एकमत होईना

अर्धीवाट:
आम्ही सहा जण डोंगरातल्या एका नदीच्या खोऱ्यात चार रात्री मुक्कामाला जातोय. तारखा ठरल्या, सामानाची यादी झाली, कोण काय उचलणार तेही झालं. गाडं अडलंय ते तंबू कुठे लावायचे यावर.

नकाशावर दोन जागा दिसतात. एक अगदी पाण्यालगत, वाळू आणि गोट्यांचा छान रुंद पट्टा. दुसरी तिथून साधारण तीस मीटर चढून गेल्यावर लागणारी सपाटी. आमच्यातली एक मैत्रीण पट्ट्यावर अडून बसलीय. तिचं म्हणणं, नदीच्या आवाजात झोपायचं नसेल तर एवढी पायपीट करायचीच कशाला?

मी वरच्या सपाटीच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे बिएस्कास. स्पेनच्या पिरेनीज डोंगरातलं गाव. ७ ऑगस्ट १९९६ च्या संध्याकाळी तिथल्या कॅम्पिंगच्या मैदानावर पुराचा लोंढा आला आणि ८७ माणसं गेली. रीतसर चालणारी, सोयीसुविधा असलेली जागा होती ती. हे वाचल्यापासून पाण्याजवळ तंबू ठोकायची माझी हिंमत होत नाही. वाळूचा पट्टा म्हणजे नदीचंच अंथरूण, आज रिकामं आहे इतकंच. तुम्हाला काय वाटतं?

दगडधोंडा:
मी तुमच्या मैत्रिणीच्या बाजूने. आणि आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, बिएस्कासचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय.

ते मैदान मुख्य नदीच्या वाळूत नव्हतं. डोंगरातून उतरणारा आरास नावाचा एक ओढा आहे. तो दरीत जिथे बाहेर पडतो तिथे त्याने शतकानुशतकं आणून टाकलेल्या गाळाचा पंख्यासारखा पसरट उतार आहे, त्यावर होतं. दिसायला सुरेख, सपाट, हिरवं. गाळ अडवायला वर ओढ्यात बांध घातलेले होते. ते गाळाने भरले होते, त्या दिवशी फुटले आणि साठलेलं सगळं खाली आलं.

आता तुमची ती 'वरची सपाटी' नकाशावर पुन्हा बघा. डोंगराच्या उतारावर आयती सपाट जागा कुठून आली? नदीने पूर्वी कधी कोरून मागे ठेवलेली पायरी असेल तर उत्तम. पण एखाद्या ओढ्याने तिथे गाळ पसरलेला असेल, तर तुम्ही नदीला घाबरून ओढ्याच्या तोंडात जाऊन झोपताय. उंचावर गेलं की सुटलो असं नसतं हो.

मी इतक्या वर्षांत नदीकाठी कितीतरी रात्री काढल्यात. मोसम कोरडा हवा, आकाशाचा अंदाज घ्यायला हवा, आणि काठावरच्या झाडाझुडपांत पूर्वीच्या पुराचा काडीकचरा किती उंचीवर अडकलाय ते बघायला हवं. एवढं केलं की काठासारखी जागा नाही.

पहाटवारा:
पूर वगैरे राहू द्या बाजूला, थंडीचं काय? रात्री उतारावरची हवा गार होऊन जड होते आणि घरंगळत दरीच्या तळाशी साठते. पट्टा म्हणजे तळच. वीस-तीस मीटर वर कित्येकदा चक्क उबदार असतं. शिवाय पाण्यालगतची दमट हवा. सकाळी तंबूच्या आतून थेंब टपकतात, स्लीपिंग बॅग ओलसर, आणि दरीत ऊन उतरेपर्यंत नऊ-दहा वाजतात. चार रात्री ओल्या बिछान्यात काढून बघा, मग नदीचा आवाज किती गोड लागतो ते सांगा.

(अवांतर: थंडी वाजली म्हणून तंबू बंद करून आत स्टोव्ह पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.)

दगडधोंडा:
पहाटवारा, थंडीला चांगली बॅग आणि खाली जाड मॅट हे उत्तर आहे, चढ नव्हे.

बरं, पाण्याचा हिशोब कुणी केलाय का? पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी चार लिटर म्हटलं तर सहा जणांना रोज चोवीस किलो पाणी तीस मीटर वर वाहायचं. त्यातलं निम्मं अंधारात, ओल्या दगडांवरून, कारण संध्याकाळी दमल्यावर कुणी उठत नाही. कोरड्या मोसमातल्या पुरापेक्षा कुणाचा तरी घोटा मुरगळण्याचीच शक्यता जास्त.

थेंबथेंब:
धोंडेसाहेब, कोरडा मोसम आणि निरभ्र आकाश यावर तुम्ही फार विसंबताय. ८ जून २०१४. हिमाचलमधली बियास नदी. हैदराबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी सहलीला आलेले, पात्रातल्या खडकांवर उभे राहून फोटो काढत होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सुटलं. २४ विद्यार्थी वाहून गेले. त्यात ढगफुटी नव्हती की पावसाळा नव्हता.

त्यामुळे आकाश बघण्याआधी नकाशा बघा. वर धरण आहे का? बंधारा, वीजप्रकल्प? असेल तर पाणी केव्हा सुटतं ते त्या भागात राहणाऱ्यांना विचारा, आणि नक्की उत्तर मिळालं नाही तर पट्टा विसरा. वर बर्फ किंवा हिमनदी असेल तर आणखी एक. दिवसभराच्या उन्हाने वितळलेलं पाणी खाली पोचायला वेळ लागतो, म्हणून अशी नदी पहाटे सगळ्यात उतरलेली असते आणि दुपारनंतर चढत जाते. सकाळी घोटाभर पाण्यातून पलीकडे फिरायला गेलात की संध्याकाळी तेच पाणी मांडीला लागतं. तंबू अलीकडे, तुम्ही पलीकडे!

मोकळारानात:
एवढं भ्यायचं असेल तर घराच्या गच्चीवर तंबू लावा ना. निसर्गात जायचं ते जरा बेफिकीर व्हायलाच. लोकांनी हल्ली नकाशे, अंदाज, याद्या करून सहलीची परीक्षा करून टाकलीय.

पहाटवारा:
मोकळा, बेफिकीर तुम्ही व्हा, पण बरोबरच्या पाच जणांनी तो कौल दिलेला नसतो.

थेंबथेंब:
+१. आणि बेफिकिरी झोपेत फार महाग पडते, कारण नदीच्या आवाजात दुसरं काही ऐकूच येत नाही. जागं असताना पाणी गढूळ झालेलं दिसतं, काटक्या-पाला वाहत येताना दिसतो. पाणी एकाएकी आटलं तर ती सगळ्यात वाईट खूण, वर कुठेतरी दरड पडून प्रवाह अडलेला असू शकतो. पण रात्री दोन वाजता यातलं कोण बघणार?

अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या बिग थॉम्पसन नदीच्या घळीत ३१ जुलै १९७६ ला असंच झालं. वरच्या भागात काही तासांत सुमारे ३० सेंटिमीटर पाऊस कोसळला. सुट्टीची रात्र, घळ माणसांनी भरलेली. १४४ जण दगावले, आणि त्यातले बरेच जण गाडीत बसून रस्त्याने खाली पळू बघत होते. पाण्याबरोबर शर्यत लावून कुणी जिंकत नाही. त्यानंतर कोलोरॅडोतल्या घळींमध्ये पाट्या लागल्या: पूर आला तर गाडी सोडा, वर चढा. म्हणून अर्धीवाट, तंबू कुठेही लावा, पण उजेडात एकदा वर चढून जायची वाट बघून ठेवा. सहाही जणांनी, नुसतं तुम्ही नाही.

झुळझुळ:
सगळे स्वतःच्या जिवाबद्दलच बोलताय, नदीचं काय? पाण्यापासून निदान ६० मीटर लांब तंबू आणि शौचाचा खड्डा, खड्डा वीतभर खोल, हा भटक्यांचा जुना नियम आहे. रात्री पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाटही त्याच पट्ट्यावरून जाते. तिथे सहा माणसं टॉर्च लावून गप्पा मारत बसली तर ती जनावरं तहानलेलीच परत जातात.

दगडधोंडा:
झुळझुळताई, खड्ड्याचं शंभर टक्के मान्य, भांडी घासणंही पाण्यात नको. तंबूचा नियम मात्र मी सरसकट मानत नाही. उघड्या गोट्यांवर झोपल्याने काही तुडवलं जात नाही, वरच्या गवतावर चार रात्री तंबू ठेवलात तर तिथे पिवळे चौकोन पडतात. जनावरांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही.

अर्धीवाट:
सगळ्यांचे आभार. काल रात्री मैत्रिणीला बसवून धागा वाचायला दिला आणि दोघांनी नकाशावरच्या कॉन्टूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) नीट बघितल्या. धोंडेसाहेब, माझं तोंड पडलं. माझी लाडकी सपाटी बरोब्बर एका ओढ्याच्या तोंडाशी आहे. म्हणजे दोघांच्याही जागा रद्द.

नदीच्या खालच्या अंगाला अर्ध्या तासावर एक अरुंद पायरी दिसतेय, पाण्यापासून वीसेक मीटर उंच. उपग्रहाच्या चित्रात तिथे मोठी झाडं दिसतात, जवळपास ओढा नाही. वर धरण नाही हे तपासलं, बर्फ मात्र आहे. दिवस काठावर घालवायचा आणि ऊन कललं की वर यायचं, एवढ्यावर ती राजी झालीय. शेवटची एक रात्र तरी काठावर, हा तिचा हट्ट अजून सुटलेला नाही. पाणी कोण वाहणार यावर उरलेल्या चौघांत वेगळीच जुंपलीय.

दगडधोंडा:
घडी होणाऱ्या दहा लिटरच्या दोन पिशव्या घ्या आणि पाणी उजेडातच भरा. मोठी झाडं आहेत म्हणालात, तर वाळलेल्या फांद्यांखाली तंबू नको. आणि शेवटच्या रात्रीचं तिथे पोचल्यावर ठरवा. काडीकचरा किती उंचीवर अडकलाय ते तिला स्वतःला बघू दे. तिच्या डोक्याच्या वर असेल तर ती आपणहून वर येईल.